मूल मधेच गळतं, तिथे उभी राहा

आता हा कार्यक्रम तुझ्या हाती आलाय. करार, अहवाल, पत्रव्यवहार सगळं कपाटात आहे आणि ते तू वाचशीलच. मी तुला कपाटात नसलेलं सांगते.

पेठ, सुरगाणा, हरसूलकडची आश्रमशाळा, नाशिकमधलं आयटीआय किंवा तंत्रनिकेतन आणि सातपूर-अंबडचा कारखाना अशा तिघांना आपण जोडतो. तिन्ही ठिकाणी हजेरीपट आहे आणि तो भरणारा माणूस आहे. पण दहावीचा निकाल लागल्यापासून कॉलेजचा पहिला तास होईपर्यंत आपलं मूल कुणाच्याच हजेरीपटावर नसतं. शेवटची परीक्षा झाल्यापासून कंपनीचा गेटपास हातात पडेपर्यंतही नसतं. मुलं गळतात ती तिथे. शाळेला वाटतं कॉलेज बघेल, कॉलेजला वाटतं अजून प्रवेशच कुठे झालाय, आणि तोवर पोरगा मामाबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागेत पोचलेला असतो. त्यामुळे तुझी खरी जागा या तिन्हींपैकी कुठल्याच इमारतीत नाही. दोन इमारतींच्या मधे आहे. बाकी जे काही सांगतेय ते सगळं याच एका गोष्टीचं आहे.

सुरुवात आठवीपासून कर. दहावीत मुलांना बोलवून करिअर मार्गदर्शनाचं भाषण दिलं की काम झालं असं पुष्कळांना वाटतं, पण दहावीपर्यंत बराच निर्णय होऊन गेलेला असतो. गणिताची भीती आठवीत पक्की होते आणि कागदपत्रांना दोन वर्षं लागतात.

कागदपत्रांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नव्या माणसाला हे कारकुनी काम वाटतं. आपल्या कार्यक्रमाचा पाया तेच आहे. आठवीच्या प्रत्येक मुलाचं आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर समोरासमोर ठेवून नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून बघ. आधारला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते विचार. बऱ्याचदा तो मुकादमाचा निघतो, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी त्या नंबरवर जातो आणि अर्ज तिथेच अडतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. पावसाळ्यात सुरगाण्याच्या वरच्या पाड्यांवर नेटवर्क जातं, वीज जाते. म्हणून हे सगळं आठवीच्या हिवाळ्यात उरकायचं.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, तो फार अवघड नाही. त्या दाखल्याचं वैधता प्रमाणपत्र अवघड. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरली जाते, आणि त्याआधीची घराण्यातली एखादी नोंद सापडली तर काम पुष्कळ हलकं होतं. पण ज्याचा आजा शाळेतच गेला नाही त्याने शाळेचा दाखला कुठून आणायचा? मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. भावकीत एखाद्या चुलत्याला वैधता मिळाली असेल तर ते कागद उपयोगी पडतात, म्हणून मुलाला आधी वंशावळ लिहायला लाव. पोरं ती आजीला विचारून आनंदाने लिहितात. डिप्लोमाला एकवेळ निभावेल, पण पुढे इंजिनिअरिंगच्या पदवीला आणि सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागतंच. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षी धावाधाव सुरू केली तर पदवीचं वर्ष हातचं जातं.

आता शाळेबद्दल. आश्रमशाळेच्या शिक्षकाकडे आधीच ढीगभर कामं असतात. त्याला वर आणखी एक काम दिलंस तर तो नाही म्हणणार नाही, पण ते होणारही नाही. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडून त्याच्या नावाचा लेखी आदेश घे, म्हणजे मुलांना घेऊन नाशिकला आला तो दिवस त्याचा कर्तव्याचा धरला जाईल. बदली झाली की तो जाईल, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक शाळेत दोघांना तयार कर, आणि त्यातली एक शिक्षिका असू दे. आमच्या भागात मुली घरची अडचण सरांना सांगत नाहीत.

तिघांची बैठक कंपनीच्या सभागृहात घेऊ नकोस. तिथे मुख्याध्यापक कोपऱ्यात बसतात आणि मान डोलावून परत जातात. वर्षातली निदान एक बैठक शाळेत घे. कंपनीचा माणूस एकदा सावळघाट चढून आला, त्याने वसतिगृहातली झोपायची जागा पाहिली, पाण्याची टाकी पाहिली, की पुढच्या वर्षभरात त्याला काही समजावत बसावं लागत नाही. त्या बैठकीत पहिलं बोलणं मुख्याध्यापकांचं असू दे.

या मुलांच्या हातात काय आहे ते आधी नीट बघ. नागलीची रोपं लावणारी, कुडाची भिंत बांधणारी, बैल हाकणारी ही मुलं आहेत. वजन, तोल, उतार, ओलावा त्यांना हाताने कळतो. शाळेत ते कुणी मोजायला शिकवलेलं नसतं, एवढंच. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच करून दाखवलं. लोखंडकाम, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य ही कामं करता करता शाळेतलं विज्ञान शिकायचं, आणि तेही गावाच्या उपयोगाचं काम करत. तिथे एकदा जाऊन राहून ये. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सांगितलेत. ते दिवस आपल्या कार्यक्रमाला आयते मिळालेत. त्या दिवसांत आयटीआयचा निदेशक शाळेत आण, त्याच्याबरोबर व्हर्निअर, मल्टिमीटर, पाइपचे तुकडे येऊ देत, आणि मुलांना शाळेचंच काहीतरी दुरुस्त करू दे. गळका नळ, बंद पडलेला पंखा, वाकडं झालेलं गेट, काहीही चालेल.

कारखान्याची भेट लहान ठेव. बस भरून मुलं नेली की त्यांना पिवळ्या पट्ट्यातून रांगेत फिरवतात, शेवटी समोसा देतात आणि फोटो काढतात. त्यातून मूल एवढंच शिकतं की ही जागा आपली नाही. एका वेळी दहा-बारा मुलं ने. मनुष्यबळ विभागाच्या साहेबाचं स्वागताचं भाषण आटोपशीर ठेवायला सांग आणि मशीनवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला बोलू दे. तो कुठल्या गावचा, काय शिकला, पहिल्या महिन्यात काय चुकलं, आता पगार किती, हे मुलं त्याला विचारतात. साहेबाला विचारत नाहीत.

आणि एका बाबतीत कुणाचंही ऐकू नकोस. शाळकरी मुलाने कारखान्यात काम करायचं नाही, बघायचं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं १९८६ च्या कायद्याने आणि त्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने बंद आहे, चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर बंदी आहे. सुट्टीत मुलं पाठवा, शिकतील, वर दोन पैसेही मिळतील, असं गोड बोलून सांगणारे भेटतील. त्यांचा हेतू चांगला असला तरी नाही म्हण. पत्र्याचं काम करणाऱ्या छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. अठरा पूर्ण झालेली मुलं शिकाऊ म्हणून पाठवतानाही आधी स्वतः जाऊन प्रेस बघ. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय ती खाली येते का, समोर गार्ड आहे का, की काम वेगात व्हावं म्हणून काढून ठेवलाय? गार्ड काढून ठेवलेला दिसला तर चहा न घेता परत ये आणि त्या ठिकाणी मूल पाठवू नकोस, मालक कितीही ओळखीचा असला तरी. सेफ्टी शूज मुलींच्या मापाचे आहेत का तेही बघ. मोठ्या मापाचा बूट घालून मशीनपाशी चालणं धोक्याचंच असतं.

कंपन्या निवडताना मोठ्या नावाला भुलू नकोस. मोठ्या कंपनीचा आधार हवाच, तिच्यामुळे पालकांचा विश्वास बसतो, प्रयोगशाळेला साहित्य मिळतं. पण मोठ्या कारखान्यात शिकाऊ मुलगा कधीकधी वर्षभर एकाच जागी एकच नट आवळत राहतो. कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या, डाय-फिक्श्चर बनवणाऱ्या अंबडच्या वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये त्याला ड्रॉइंग वाचण्यापासून माल पाठवण्यापर्यंत सगळं बघायला मिळतं. अशा मालकांपर्यंत पोचायला निमा आणि आयमा या उद्योजकांच्या दोन संघटनांच्या बैठकांना जात जा. एकेकट्या मालकाच्या दारात उभं राहण्यापेक्षा तिथे एका संध्याकाळी जास्त काम होतं.

त्यांच्याशी बोलताना दयेची भाषा वापरू नकोस. गरीब आदिवासी मुलांना संधी द्या, असं म्हटलंस की ते देणगी द्यायला तयार होतील आणि नोकरी दुसऱ्याला देतील. कायद्याची आणि गरजेची भाषा बोल. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने किमान विद्यावेतन ठरलं, दहावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय झालेल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,०००. दर बदलला का ते दरवर्षी बघत जा. नॅप्स या शिकाऊ उमेदवारीच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, म्हणजे महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. लहान मालकांपैकी अनेकांना हे ठाऊक नसतं. अर्ज भरायला त्यांच्याकडे माणूस नसतो, तर तूच कॉलेजचा एक कारकून तिथे दोन तास बसव आणि शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवून घे. करार नोंदला नाही तर वर्षभर राबूनही मुलाला शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही. करारक्रमांक मुलाच्या वहीत लिहिलेला पाहिल्याशिवाय त्याला पहिल्या पाळीला पाठवू नकोस.

सीएसआरच्या पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च, आपलं वर्ष जून ते मे. यातून दरवर्षी एकच प्रकार होतो. फेब्रुवारीत फोन येतो की पैसे आहेत, मार्चअखेर खर्च करून दाखवा. तेव्हा मुलं परीक्षेत असतात, मग संगणक विकत घेतले जातात आणि जूनमध्ये मेसचे पैसे भरायला काही उरत नाही. म्हणून करार करतानाच हा चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्यायला सांग. नियमांप्रमाणे असा प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो आणि शिल्लक रक्कम त्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येते. वस्तूंपेक्षा माणसासाठी पैसे माग. गावागावात फिरणारा एक समन्वयक, त्याचा पगार, त्याच्या मोटारसायकलचं पेट्रोल. कंपन्यांना हे द्यायला आवडत नाही, कारण त्यावर नावाची पाटी लावता येत नाही. तरी तेच माग, पुन्हा पुन्हा माग. आणि करारावर सही करणाऱ्या साहेबाबरोबर दुसऱ्या एका माणसाचं नाव त्यातच घालून घे. साहेबांच्या बदल्या शिक्षकांपेक्षा लवकर होतात.

आता दहावीच्या निकालापासून कॉलेजच्या पहिल्या तासापर्यंतचे ते महिने. निकाल लागला की त्याच आठवड्यात शाळेत शिबिर घे आणि आयटीआय, तंत्रनिकेतन, अकरावी यांपैकी मुलाने काय ठरवलंय ते पालकांसमोर लिहून घे. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असतात तेव्हाच पाऊस पडतो आणि भाताची आवणी सुरू होते. घरात हात हवे असतात. जागा लागल्याचा संदेश फोनवर येतो, फोन घरी आणि मूल खाचरात, आणि मुदत टळते. प्रत्येक पाड्यावर एक जण नेम. बारावी झालेली एखादी ताई, आशा कार्यकर्ती, कुणीही, जिच्याकडे चालणारा फोन आहे. तिला मानधन दे. त्या महिन्यांत तू स्वतः रजा घेऊ नकोस.

पालकांशी बोलायचं असेल तर ते जिथे असतील तिथे जा. ऑक्टोबरच्या छाटणीला अर्धा पाडा निफाड-दिंडोरीच्या बागांत असतो, पालकसभेची चिठ्ठी घरी पाठवून काय उपयोग? बागेवर संध्याकाळी, स्वयंपाक चालू असताना जा. त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटवायला जाऊ नकोस, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांच्यासमोर हिशेब मांड. पोरगा बागेत वर्षाकाठी किती आणतो, शिकताना किती येणार नाही, शिष्यवृत्ती कधी येईल, विद्यावेतन कधीपासून, आणि मधली दोन वर्षं घर कसं चालेल. हिशेब जुळत नसेल तर तसं सांग. आयटीआय करून, अटी पूर्ण असतील तर, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. ज्या घराला तीन-चार वर्षांची वाट परवडत नाही त्यांना हा टप्प्याटप्प्याचा रस्ता सोयीचा पडतो. मुलीच्या घरी गेलीस तर आईला नाशिकला घेऊन ये. वसतिगृह, बसथांबा, कारखान्याचं गेट, पाळी सुटल्यावर घरी सोडणारी गाडी हे सगळं तिने डोळ्यांनी बघितलं पाहिजे. एका आईने होकार दिला की त्या पाड्यावरून पुढच्या वर्षी आणखी दोघी येतात.

सरकारी वसतिगृहातला प्रवेश आणि कॉलेजचं पहिलं सत्र यांचा मेळ बसत नाही. वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या स्वयं योजनेसारखा आधार मिळतो तो बारावीनंतरच्या मुलांना, आणि तोही उशिरा पोचतो. पहिल्या दोन महिन्यांच्या मेससाठी, खोलीसाठी आणि बसपाससाठी एक फिरता निधी हाताशी ठेव. मुलाला तो मागावा लागू नये. प्रवेशाच्या दिवशीच दे, लिहून घे, शिष्यवृत्ती आली की परत घे. बहुतेक मुलं न विसरता परत करतात.

पहिलं सत्र सगळ्यांत धोक्याचं. मराठीत शिकलेल्या मुलासमोर इंग्रजी पुस्तक, इंग्रजी ड्रॉइंग, त्यात त्रिकोणमिती. घरी ते डांगी-कोकणी बोलत आलेलं असतं, म्हणजे आपली पुस्तकी मराठीसुद्धा त्याची दुसरीच भाषा. पहिल्या परीक्षेत तीन विषय राहिले की मूल कुणाला न सांगता पिशवी उचलतं. म्हणून कॉलेज सुरू होण्याआधी तीन आठवडे त्यांना बोलव आणि फक्त तीन गोष्टी घे, मोजमाप, ड्रॉइंग आणि यंत्रशाळेतले इंग्रजी शब्द. प्रत्येकाला त्याच्याच तालुक्यातला वरच्या वर्गातला एक दादा किंवा ताई नेमून दे. हजेरी सलग तीन दिवस बुडली की त्या दादाने खोलीवर जायचं आणि त्याच संध्याकाळी तुला कळवायचं. महिन्याच्या हजेरीची वाट पाहिलीस तर मूल सुरगाण्याला पोचलेलं असेल.

वर्गात कुणी राखीव जागेवरून बोललं, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक, तर त्याच दिवशी प्राचार्यांकडे जा आणि लेखी दे. मुलाला गप्प बस म्हणू नकोस. एवढ्यावर तुझे आणि एखाद्या सहकाऱ्याचे संबंध बिघडले तर बिघडू देत.

कंपनीतला पहिला महिना सुपरवायझरच्या हातात असतो, मनुष्यबळ विभागाच्या नाही. मूल रुजू होण्याआधी त्या सुपरवायझरला भेट. त्याला दोन गोष्टी सांगून ठेव. एक, हा मुलगा शंका विचारणार नाही, मान खाली घालून हो म्हणेल, तर त्याला काम करून दाखवायला सांगा. दुसरी, होळीला हा गावी जाईल. आपल्या डोंगरात होळी दिवाळीपेक्षा मोठी, आणि त्याच सुमारास बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव असतो, घराण्याचं सोंग असेल तर त्याला जावंच लागतं. आधी रजा लिहून ठेवली तर तो वेळेत परत येतो. रजा नाकारली तरी जातोच, आणि मग खाडा झाला या लाजेने परत येत नाही. महिन्यातून एकदा त्याची कामाची वही वाच. झाडणं, उचलणं, पॅकिंग यापलीकडे वहीत काही नसेल तर मालकाशी बोल.

वर्षअखेरीस अहवालात किती शाळा जोडल्या, किती मुलांनी भेट दिली याचे आकडे मागतील, ते दे. स्वतःसाठी वेगळी वही ठेव, तिच्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे जून, ऑक्टोबर आणि मार्चला ते कुठे होतं ते लिही. गळालेल्यांची नावं खोडू नकोस. तीन वर्षांनी त्यातलं एखादं मूल परत येतं, तेव्हा त्याला मुक्त विद्यापीठाचा मार्ग दाखवता येतो, नाहीतर आयटीआयचा, आठवी पास झालेल्यांना वायरमनसारख्या व्यवसायांना प्रवेश मिळतो. त्याला आत बोलवताना मधली वर्षं कुठे गेली हे विचारू नकोस, चहा दे आणि फॉर्म भरायला घे.

आणि जी मुलं मशीनवर स्थिर झाली आहेत त्यांना पालकसभेत बोलवत जा. त्यांच्या बोलण्याचा जो परिणाम होतो तो तुझ्या-माझ्या बोलण्याचा होत नाही. पण त्यांना रविवारी बोलवलंस तर त्यांचा ओव्हरटाइम बुडतो, पेठपर्यंतचं बसभाडंही खिशातून जातं. त्यांच्या त्या दिवसाची मजुरी कार्यक्रमाच्या खर्चात आधीच धरून ठेव, आणि परत जाताना ती त्यांच्या हातात दे.